बचतीचं भाषण नको, पगाराची स्लिप घेऊन या

चाकणजवळच्या एका कारखान्याच्या एचआर विभागातून प्रश्न आला आहे. कंपनीतले साठेक कर्मचारी वर्षातून दोन दिवस आसपासच्या जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत जाऊन आठवी ते दहावीच्या मुलांना पैशाचं व्यवस्थापन शिकवायला तयार आहेत. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: काय शिकवावं, कोणी शिकवावं, आणि याचा खरंच काही उपयोग होतो का. कंपन्यांतल्या स्वयंसेवकांना शाळांसाठी तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची दोन उत्तरं त्यातूनच निघतात.

उपयोग होतो, पण ज्या पद्धतीने बहुतेक कंपन्या हे करतात त्या पद्धतीने फार थोडा. आर्थिक शिक्षणावर जगभर झालेल्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, अशा शिक्षणाचा माणसाच्या प्रत्यक्ष व्यवहारावर पडणारा प्रभाव अगदी नगण्य असतो आणि काळ जाईल तसा तोही विरत जातो. त्या अभ्यासकांनीच सुचवलं की, जो निर्णय माणूस लवकरच घेणार आहे त्याच्या तोंडावर त्याच निर्णयाबद्दल शिकवावं. ब्राझीलमध्ये ८९२ माध्यमिक शाळांत मोठा प्रयोग झाला. तिथे धडे वर्षभर नेहमीच्या विषयांत मिसळून दिले आणि गृहपाठात आईवडिलांनाही ओढलं. मुलांचं ज्ञान वाढलं, बचतही थोडी वाढली, पालकांमध्येही फरक दिसला. पण त्याच मुलांमध्ये क्रेडिट कार्ड वापरण्याचं आणि हप्ते थकवण्याचं प्रमाणही वाढलेलं आढळलं. घानामधला अभ्यास मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. तिथे एका गटाला फक्त पैशाचे धडे दिले आणि दुसऱ्या गटाला पैशासोबत मुलांचे हक्क, शाळा, स्वतःची ओळख हेही शिकवलं. बचत दोन्हीकडे दिसली, तीही बरीचशी घरातली रक्कम शाळेतल्या पेटीत आल्यामुळे. मात्र फक्त पैशाचे धडे घेतलेली मुलं आधीपेक्षा जास्त वेळ कामाला जाऊ लागली. ज्या वयात त्यांनी शाळेत बसायला हवं त्या वयात.

म्हणजे हे काम निरुपद्रवी नाही. एखाद्या शनिवारी जाऊन ‘बचत करा, बचत करा’ सांगून आलो तर फार तर काही होणार नाही, पण वाईट तर काही होणार नाही ना, असं लोक मला म्हणतात. होऊ शकतं. तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ‘घरात पैसे नाहीत ही माझी जबाबदारी’ असं बसवून येणं सोपं आहे.

तुमच्या भागातली मुलं कोण आहेत हे एकदा नीट पाहा. काहींच्या घरची जमीन एमआयडीसीत गेली आणि पैसे आले तसे संपले. बरीच मुलं मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कंत्राटी कामगारांची आहेत. एका खोलीत पाच माणसं राहतात. या घरांमध्ये पैशाचं व्यवस्थापन होत नाही असं समजणं हा मोठा गैरसमज आहे. महिन्याच्या २५ तारखेला हातात चारशे रुपये असताना गॅस, दूध आणि मुलाच्या वह्या यांची जी जुळवाजुळव त्या घरातली बाई करते, ती तुमच्या फायनान्स विभागातल्या कोणाला जमणार नाही. किराणा दुकानातली उधारीची वही, गल्लीतली भिशी, बचत गटाचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं असतं. या घरांना कमी पडतं ते कागदपत्रांचं ज्ञान, बँकेच्या खिडकीपाशी बोलण्याचा धीर, आणि फसवणूक ओळखण्याची नजर. म्हणून ‘वायफळ खर्च टाळा’ हा धडा कृपा करून अभ्यासक्रमातून काढून टाका. ज्या मुलाच्या घरी वायफळ खर्चाला पैसेच नाहीत, त्याला हा धडा फक्त खजील करतो.

आता कोणी शिकवावं. कंपन्या साधारणपणे अकाउंट्स आणि फायनान्सची माणसं निवडतात, सोबत एखादे व्यवस्थापक. माझं ठाम मत आहे की, निम्मी तरी माणसं शॉप फ्लोअरवरची असावीत: फिटर, लाइन सुपरवायझर, स्टोअरमधली मुलगी, आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आलेला आणि आता कायम झालेला पोरगा. मुलं चार-पाच वर्षांत ज्या जागी उभी असणार आहेत, त्या जागेवरून आलेलं माणूस त्यांना दिसायला हवं. पहिल्या पगाराचं काय झालं, पहिला कंत्राटदार बदलला तेव्हा पीएफचं काय झालं, हे तो स्वतःच्या अनुभवातून सांगतो. एमबीए झालेल्या माणसाला ते वाचून सांगावं लागतं, आणि मुलांना हा फरक लगेच कळतो.

आता काय शिकवावं. चार भेटी धरा. माझ्या अनुभवात सगळ्यात चालणारा तास पगाराच्या स्लिपचा आहे, तो पहिल्या भेटीत घ्या. तो कसा चालतो ते जवळून सांगतो.

स्वयंसेवक फळ्यावर लिहितो: एकूण पगार १८,००० रुपये. विचारतो, ‘महिना संपल्यावर खात्यात किती येतील?’ सगळा वर्ग ओरडतो, अठरा हजार. मग तो एक मानलेली स्लिप वाटतो, दोघांत एक. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत आणि बाकीचे इतर भत्ते. मुलांनीच आकडे शोधायचे आणि वजाबाकी करायची. पीएफ १३,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,५६०. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, एकूण पगाराच्या पाऊण टक्का, म्हणजे १३५. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला लागणारा व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत तेवढा ३००. हातात राहिले १६,१०५.

इथे वर्गात एक ठरावीक वाक्य येतंच: ‘म्हणजे कंपनी एवढे पैसे खाते?’ हे वाक्य मुलांनी घरी ऐकलेलं असतं. त्यावर घाई करू नका. स्वयंसेवकाने शांतपणे सांगावं की, पीएफचे १,५६० रुपये कामगाराचेच आहेत, तेवढीच रक्कम मालकालाही भरावी लागते, त्यातला काही भाग पेन्शनकडे जातो, आणि यूएएन (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) वापरून हे सगळं मोबाइलवर पाहता येतं. ईएसआयचे १३५ रुपये गेले म्हणून आईच्या ऑपरेशनला ईएसआयच्या दवाखान्यात पैसे लागत नाहीत. मालकही ईएसआयसाठी पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो. मग तो उलटा प्रश्न टाकतो: एक कंत्राटदार म्हणाला, ‘पीएफ-बीएफची भानगड नको, पूर्ण अठरा हजार रोख देतो’, तर घ्याल का? इथे वर्ग दोन गटांत फुटतो आणि खरी चर्चा सुरू होते. एका शाळेत नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘माझ्या पप्पांना असंच देतात, आणि त्यांचं बोट गेलं तेव्हा कोणीच काही दिलं नाही.’ त्यानंतर त्या वर्गात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

स्लिपवरच पुढे जाता येतं. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, तो स्लिपमध्ये वेगळा दाखवला आहे का? कंत्राटदार बदलला तरी यूएएन तोच राहायला हवा, नाहीतर जुन्या खात्यातले पैसे अडकून पडतात. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू होतो, मग पगार त्यापुढे गेला तर दवाखान्याची सोय काय? यातली प्रत्येक गोष्ट तुमचा एचआर विभाग रोज हाताळतो. बाहेरून कोणी तज्ज्ञ आणायची गरज नाही. कंपनीची माणसं शाळेत जाण्यात जर काही खास असेल तर ते हेच आहे. बचतीचं महत्त्व शाळेतल्या बाईही सांगू शकतात. पगाराची स्लिप तुमच्या माणसाइतकी कोणालाच समजावता येत नाही.

दुसरा तास व्याजाचा. हा विषय गणिताच्या पुस्तकात आहे, मुलांना सरळव्याजाचं सूत्रही पाठ असतं, आणि तरीही घरातलं व्याज त्यांना कळत नाही. कारण घरात व्याज शेकड्याने बोललं जातं. ‘पाच रुपये शेकडा’ म्हणजे शंभराला महिन्याला पाच. बँकेचा दर सांगितला जातो वर्षाचा. त्यामुळे मुलांना विचारलं की, सावकार पाच टक्क्यांनी देतो आणि बँक बारा टक्क्यांनी, स्वस्त कोण? बहुतेक हात सावकाराकडे जातात. मोठी माणसंही असंच उत्तर देतात. मग फळ्यावर दहा हजारांचं कर्ज मांडा. पाच रुपये शेकड्याने महिन्याला ५०० रुपये, वर्षाला ६,००० रुपये, आणि वर्षाच्या शेवटी मूळ दहा हजार जसेच्या तसे उभे. बँकेचं तेच कर्ज बारा टक्क्यांनी, बारा समान हप्त्यांत: हप्ता साधारण ८८८ रुपये, वर्षभराचं एकूण व्याज ६६० च्या आसपास, आणि कर्ज संपलेलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मी अनेक शाळांत अनुभवली आहे.

त्याच तासात मोबाइलचा हप्ता घ्या, कारण या वयातल्या मुलाच्या आयुष्यात येणारं पहिलं कर्ज हेच असतं, भले ते वडिलांच्या नावावर असो. पंधरा हजारांचा फोन, दुकानदार म्हणतो फक्त १२ टक्के, बारा महिने. त्याने पूर्ण पंधरा हजारांवर पूर्ण वर्षाचं व्याज लावलं, १,८०० रुपये. हप्ता १,४०० चा. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आहात, शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्याचे जेमतेम तेरा-चौदाशे रुपये उरलेत आणि व्याज मात्र पंधरा हजारांवरच चालू आहे. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. नववीच्या मुलांना हे गणित पूर्ण सोडवता येणार नाही, यायची गरजही नाही. ‘एकूण किती भरणार?’ हा एक प्रश्न दुकानात विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झालं. प्रोसेसिंग फी, विमा, कव्हर हे सगळं मिळवून एकूण किती. हा प्रश्न मोठ्याने विचारण्याचा सराव मुलांकडून करून घ्या, एकाने दुकानदार व्हायचं, एकाने गिऱ्हाईक. गिऱ्हाईक झालेली मुलं आधी लाजतात, मग भांडायला लागतात.

बायकांच्या गटांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जाबद्दलही मुलं विचारतात, कारण हप्ता मागायला येणारी माणसं त्यांनी दारात पाहिलेली असतात. स्वयंसेवकाला एवढं माहीत हवं: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज, आणि त्या घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. खाजगी सावकारीसाठी महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. यापुढे जाऊन कोणत्याही मुलाला ‘तुमच्या घरी कोणाचं कर्ज आहे?’ असं विचारायचं नाही. कधीच नाही.

तिसरी भेट बँक खात्याची, आणि हा माझ्या दृष्टीने सगळ्या कार्यक्रमाचा कणा आहे, कारण इथे बोलणं थांबून एक खरा व्यवहार पूर्ण होतो. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने ही मुभा २०१४ मध्येच दिली होती आणि २०२५ मध्ये नव्याने स्पष्ट केली. बँक रकमेची मर्यादा ठरवू शकते, ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त उचल, मात्र देता येत नाही. किमान शिलकीची अट नको असेल तर मूलभूत बचत खातं मागायचं. मुलांना हे खातं का हवंसं वाटेल? आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातली मुलं तिला बसतात. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये थेट खात्यात येतात. आणि दर वर्षी काही मुलांचे पैसे निव्वळ एवढ्यावरून अडतात की खात्याला आधार जोडलेलं नाही, पासबुकातलं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव वेगळं आहे, किंवा खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलं आहे. तुमचे दोन स्वयंसेवक वर्गात बसून प्रत्येक मुलाचं आधार, बोनाफाइड आणि पासबुक यांवरची नावं ताडून पाहतील आणि जिथे फरक आहे तिथे दुरुस्तीचा अर्ज भरून घेतील, तर ते एका भाषणमालिकेपेक्षा मोठं काम आहे. मुलाला त्यातून जे शिक्षण मिळतं ते आयुष्यभर पुरतं: कागदावर नाव कसं लिहिलं आहे हे आधी बघायचं.

खातं उघडल्यावर मुलांना शाखेत घेऊन जा. स्लिप स्वतः भरू द्या, पन्नास रुपये स्वतः भरू द्या, पुढच्या भेटीत त्यातले वीस काढू द्या. स्लिपवर अक्षरी रक्कम लिहिताना मुलं अडखळतात, त्यांना वेळ द्या. शाखाधिकाऱ्यांशी आधी बोलून सोमवार आणि महिन्याचे पहिले दिवस टाळा.

मुलांनी स्वतःची बँक चालवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. अनेक शाळांमध्ये संचयिका होती, मुलंच पैसे गोळा करून नोंदी ठेवायची. मुंबईत १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेलजोल’ या संस्थेच्या कामातून ‘अफलातून’ हा मुलांसाठीचा कार्यक्रम उभा राहिला आणि पुढे तो कितीतरी देशांत गेला. त्यात बचतीच्या जोडीला हक्क आणि जबाबदाऱ्याही शिकवल्या जातात. घानामध्ये ज्या कार्यक्रमाने मुलांना मजुरीकडे ढकललं नाही, तो हाच. म्हणून तुमच्या चार भेटींपैकी प्रत्येकीत थोडा वेळ ‘शिक्षण सुरू ठेवणं’ या विषयाला द्या: दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा, अकरावी यांचा खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, अप्रेंटिसला किती मिळतं. कमाईची घाई न करता शिकत राहणं हाही पैशाचाच निर्णय आहे.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक याच भेटीत सांगा. आपल्याकडे कित्येक घरांचे पैसे पतसंस्थेत असतात, व्याज जास्त मिळतं म्हणून. बँकेतल्या ठेवीवर, मग ती सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ते एक लाखच होतं. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांचे हाल महाराष्ट्राने पाहिले आहेत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था वाईट असं सांगायचं नाही, अनेक उत्तम चालतात आणि मुलांच्या नात्यातलं कोणीतरी तिथे नोकरीला असतं. फक्त पाटीवर ‘बँक’ लिहिलं आहे की ‘पतसंस्था’ हे वाचायला शिकवायचं.

चौथी भेट मोबाइलवरच्या पैशाची. या बाबतीत मुलं तुमच्या स्वयंसेवकांपेक्षा हुशार असतील, ते गृहीत धरूनच जा. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, मिळवताना कधीच लागत नाही, हे एक वाक्य वहीत लिहून घ्या आणि घरी सगळ्यांना सांगायचा गृहपाठ द्या. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली आहे, हेही सांगा.

दहावीच्या मुलांना मात्र एका गोष्टीचा इशारा अगदी स्पष्ट द्यायला हवा, आणि ती बहुतेक कार्यक्रमांत राहून जाते. अठरा वर्षं झाली की कोणीतरी ओळखीचा मुलगा येतो आणि म्हणतो, ‘तुझं खातं आणि एटीएम मला दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो.’ त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. ज्या मुलाने आयुष्यात कोणाचा रुपया घेतला नाही, त्याचं नाव गुन्ह्यात येतं, खातं गोठतं, नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी अडते. खातं भाड्याने द्यायचं नाही, सिमकार्ड दुसऱ्याला द्यायचं नाही. हे सांगायला कंपनीच्या सुरक्षा विभागातला निवृत्त पोलीस किंवा निवृत्त जवान असेल तर त्याला आणा, मुलं कान देऊन ऐकतात.

शेअर बाजार शिकवायचा का, हा प्रश्न प्रत्येक कंपनी विचारते. शाळेत नको. कोणी मुलाने विचारलंच, आणि विचारतात, तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्वतः प्रसिद्ध केलेला आकडा सांगा: आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स आणि ऑप्शन्स या शेअर बाजारातल्या जोखमीच्या सौद्यांत व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. रीलवर दिसणारा माणूस आपण उरलेल्या सात टक्क्यांतले असल्याचं भासवतो, एवढं कळलं की पुरे.

आता काही बंधनं. ही मी अटी म्हणून मांडतो, सूचना म्हणून नाही. कोणतंही उत्पादन विकायचं नाही: विमा नाही, फंड नाही, तुमच्याच गटातल्या फायनान्स कंपनीचं ॲप तर अजिबात नाही. पालकांचे फोन नंबर गोळा करायचे नाहीत. ‘घरचा जमाखर्च लिहून आणा’ असा गृहपाठ द्यायचा नाही. त्याऐवजी एक काल्पनिक कुटुंब घ्या आणि त्याचा महिना मुलांना चालवू द्या. मधेच घरातलं कोणी आजारी पडतं, मधेच गावची जत्रा येते, आणि मुलं आपल्या घरचं सगळं ज्ञान त्या कुटुंबाच्या नावाने ओततात, कोणाचीही झाकली मूठ न उघडता. सगळ्यात जास्त बचत करणाऱ्याला बक्षीस देऊ नका, ते बक्षीस नेहमी ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच मिळतं. मुलांसोबत एकटं कोणी थांबायचं नाही, वर्गशिक्षक तासभर वर्गातच हवेत, जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याची तोंडओळख झालेली हवी. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कंपनीच्या पानावर टाकायचे नाहीत. आणि टी-शर्ट, बॅनर, केक यांवरचा खर्च मुलांना बँकेत नेण्या-आणण्याच्या प्रवासखर्चाकडे वळवा.

आयोजनाचं गणित असं मांडा. साठ माणसांचे दोन-दोन दिवस म्हणजे प्रत्येकाचे चार अर्धे दिवस. दोघांची जोडी करा, तीस जोड्या. प्रत्येक जोडीला एकच वर्ग द्या आणि चारही भेटी त्याच वर्गात करा. साठ जणांनी एकाच दिवशी बसमधून उतरून दहा शाळा उरकण्यात मुलांच्या वाट्याला अनोळखी चेहरे येतात. तीच दोन माणसं चौथ्यांदा आली की मुलं खरे प्रश्न विचारतात. पहिल्या वर्षी तीस वर्गांचा हट्ट धरू नका, दहा करा. बाकीच्या जोड्या मागे बसून पाहतील आणि कागदपत्रांच्या भेटीत मदत करतील.

परवानगीसाठी खेड पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या, मुख्याध्यापकांना आधी भेटा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांसमोर विषय ठेवा. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ सुरू केला, त्यातल्या उपक्रमांच्या यादीत दैनंदिन जीवनातलं वित्तीय व्यवस्थापन आहेच. त्याचा उल्लेख पत्रात केला तर शाळेलाही तास देणं सोपं जातं. जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनं, मग दहावीच्या सराव परीक्षा, त्यानंतर कोणाकडे वेळ नसतो. एनएमएमएसचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरले जातात, म्हणून खात्याची भेट त्याआधी झालेली हवी.

स्वयंसेवकांची तयारी अर्ध्या दिवसात होते, पण ती झालीच पाहिजे. प्रत्येक जोडीने स्लिपचा तास सहकाऱ्यांसमोर एकदा घ्यावा. इंग्रजी शब्दांची सवय तिथे सुटते: ‘डिडक्शन’ ऐवजी ‘कपात’, ‘ईएमआय’ ऐवजी ‘हप्ता’. वर्गात हिंदी बोलणारी मुलं असतील तर जोडीतल्या एकाला चांगलं हिंदी यायला हवं.

सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीवरच्या खर्चाच्या, हिशेबाबद्दल एक गोष्ट. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली नफ्यातून करायच्या दोन टक्के खर्चात कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत लावून दाखवता येत नाही. छपाई, प्रवास, शाळांना लागणारं साहित्य याबद्दल तुमच्या कंपनी सेक्रेटरींशी बोला. वेळ ही कंपनीने स्वतःहून दिलेली गोष्ट राहू द्या.

यशाचं मोजमाप कसं करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वर्षअखेरीस तुम्हाला वरून विचारलं जाईलच. ‘१,२०० लाभार्थी’ असा आकडा देऊ नका. शेवटच्या भेटीनंतर सहा महिन्यांनी त्याच वर्गात जा आणि तीन गोष्टी पाहा. किती मुलांच्या खात्यात त्यांनी स्वतः केलेले किमान दोन व्यवहार आहेत? आधी न पाहिलेली स्लिप दिली तर किती जण हातातला पगार बरोबर काढतात? पाच रुपये शेकडा म्हणजे वर्षाला किती, हे किती जण सांगतात? उत्तरं निराशाजनक आली तरी ती व्यवस्थापनासमोर जशीच्या तशी ठेवा आणि पुढच्या वर्षीचा तास त्यावरून बदला.

आणि पहिल्या भेटीच्या आधी त्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांसोबत बसून स्लिप आणि शेकड्याचे तास दाखवा, त्यांच्या सूचना घ्या, सगळं साहित्य त्यांच्याकडे ठेवा. शिक्षकाने तास आपला मानला तर तुमच्या साठ जणांपैकी निम्मे पुढच्या वर्षी बदलून गेले तरी वर्गात तो घेतला जातो. मानला नाही, तर शाळा बदला. तालुक्यात शाळांची कमतरता नाही.